दालनातील बाहुली : जपानी हस्तनिर्मित बाहुलीच्या कलावस्तू होण्याचा इतिहास

प्रस्तावना :

संग्रहालय वस्तू जपते आणि त्याच वेळी त्या वस्तूंचा दर्जाही ठरविते. घरात वापरलेली एखादी वस्तू काचेच्या पेटीत ठेवली, तिच्यावर मंद प्रकाश सोडला आणि शेजारी कर्त्याचे नाव, निर्मितीचे वर्ष व माध्यम नोंदविणारी पाटी लावली की तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. चित्र, शिल्प किंवा शस्त्र यांच्या बाबतीत हा बदल आपल्या सवयीचा झालेला आहे. बाहुलीच्या बाबतीत मात्र तो तितका सहज पचनी पडत नाही. बाहुली म्हणजे मुलींचे खेळणे ही समजूत आपल्या मनात दृढ असते; त्यामुळे तिला कलावस्तू म्हणून मांडणारे प्रदर्शन हा इतिहासाच्या अभ्यासकाला विचारप्रवृत्त करणारा विषय ठरतो.

या दृष्टीने जपानचे उदाहरण विशेष बोलके आहे. योकोहामा येथे १९८६ साली स्थापन झालेले बाहुली संग्रहालय, सैतामा शहराच्या इवात्सुकी भागात २०२० साली सुरू झालेले निंग्यो संग्रहालय आणि टोकियोहून स्थलांतरित होऊन २०२० मध्येच कानाझावा येथे उघडलेले राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय अशा संस्थांतून हस्तनिर्मित बाहुल्यांची पद्धतशीर मांडणी केली जाते. शाडूच्या चित्रासारखी नव्हे, तर एखाद्या श्रेष्ठ शिल्पकाराच्या कृतीसारखी ती बाहुली प्रेक्षकासमोर येते. हे स्थान तिला केव्हा मिळाले, कोणी मिळवून दिले आणि ते मिळविताना काय मागे राहिले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दालनातील पाटी हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे. कारण पाटी जे सांगते त्याइतकेच ती जे सांगत नाही तेही इतिहासाचे साधन असते.

विसर्जनाची बाहुली आणि मांडणीची बाहुली :

जपानी भाषेत बाहुलीला 'निंग्यो' म्हणतात. या शब्दाचा अक्षरशः अर्थ 'मनुष्याची आकृती' असा होतो. या शब्दात लहान मूल नाही व खेळही नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तीच चिनी चित्राक्षरे 'हितोगाता' अशीही वाचली जातात आणि त्या वाचनात एका जुन्या विधीची स्मृती आहे. कागद, गवत किंवा लाकूड यांची माणसाच्या आकाराची प्रतिमा करावयाची, तिच्यावर आपले अमंगल व आजार उतरवावयाचे आणि ती पाण्यात सोडून द्यावयाची, असा तो विधी होय. 'नागाशि-बिना' म्हणजे वाहत्या पाण्यात सोडलेली बाहुली ही प्रथा तोत्तोरी प्रांतात आजही पाळली जाते. वाकायामातील आवाशिमा देवस्थानात ३ मार्च रोजी बाहुल्या होडीत ठेवून समुद्रात सोडतात. या परंपरेतील बाहुलीचे कार्य नाहीसे होण्यातच पूर्ण होते. ती टिकावी अशी कोणाची अपेक्षा नसते.

याच्या जोडीला हेइआन काळातील दरबारी मुलींचा बाहुल्यांचा खेळ होता. 'गेंजी मोनोगातारी' या अकराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात त्याचे उल्लेख आढळतात. विधी व खेळ हे दोन प्रवाह पुढे मिसळत गेले आणि एदो काळात (१६०३–१८६८) तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी सम्राट-सम्राज्ञीच्या वेशातील बाहुल्या घरात मांडण्याचा 'हिना मात्सुरी' हा सण स्थिरावला. बाहुली पाण्यात सोडण्याऐवजी मांडली जाऊ लागली, तेव्हा ती टिकाऊ असणे आवश्यक झाले. टिकाऊ झाली तशी ती महाग झाली आणि महाग झाल्यावर घराण्याच्या प्रतिष्ठेचे चिन्ह बनली.

या प्रतिष्ठेची दखल शासनाला घ्यावी लागली. तोकुगावा शोगुनशाहीने १७२१ साली बाहुलीच्या उंचीवर आठ 'सुन', म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर, अशी मर्यादा घातली. हा हुकूम क्योहो युगातील (१७१६–१७३६). गंमत अशी की, आज संग्रहालयात ज्या भव्य बाहुल्यांपुढे प्रेक्षक थबकतात त्यांना 'क्योहो-बिना' असेच नाव आहे. ज्या युगाने मोठ्या बाहुलीला बंदी केली त्याच युगाचे नाव मोठ्या बाहुलीला चिकटले. कान्सेइ सुधारणांच्या काळात (१७८७–१७९३) अशा निर्बंधांचा पुनरुच्चार करावा लागला. हुकूम पुन्हा काढावा लागतो, याचा अर्थ तो पाळला जात नव्हता. निर्बंधांचा दुसरा परिणाम अधिक रंजक आहे. आकारावर बंदी आल्यावर कारागिरांनी आपले सारे कौशल्य लहानपणात ओतले आणि अतिसूक्ष्म बाहुल्या घडविल्या. त्यांना 'केशि-बिना' म्हणतात. 'केशि' म्हणजे खसखस. राजकीय हुकुमाचा कलेच्या शैलीवर होणारा परिणाम समजावून सांगण्यासाठी याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल.

अनेक हातांची वस्तू :

बाहुलीची निर्मितिप्रक्रिया समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहासाचा अर्थ लागत नाही. उत्तम बाहुलीसाठी 'किरी' या हलक्या व सहसा न तडकणाऱ्या लाकडाचा उपयोग होतो. त्याच लाकडाचा भुसा गव्हाच्या खळीत मळून साच्यातून डोके काढण्याचीही पद्धत आहे. त्यावर 'गोफुन'चे थर चढवितात. कालवांचे शिंपले दीर्घकाळ उघड्यावर ठेवून त्यांची बारीक भुकटी करतात आणि ती प्राणिज सरसात कालवून हा पांढरा लेप तयार होतो. एक थर वाळल्यावर दुसरा, मग घासणे, पुन्हा लेप, असे करीत नाक, पापण्या व ओठ यांना उठाव येतो. जपानी बाहुलीच्या चेहऱ्यावर दिसणारी मऊ, त्वचेसारखी कांती ही या थरांची किमया आहे. हा लेप दमटपणा व हाताचा घाम सहन करीत नाही. म्हणूनच दालनातील प्रकाश मंद आणि हवा नियंत्रित ठेवावी लागते.

हे सारे काम एक माणूस करीत नसे. डोके करणारा वेगळा, हात-पाय करणारा वेगळा, केस बसविणारा वेगळा, पोशाख चढविणारा वेगळा आणि पंखे, तलवारी, मुकुट अशी उपकरणे घडविणारा वेगळा. इवात्सुकीसारख्या बाहुल्यांच्या गावात ही श्रमविभागणी पिढ्यानपिढ्या चालत आली. तयार बाहुलीवर नाव पडले तर ते बहुधा विकणाऱ्या पेढीचे किंवा पोशाख चढवून ती पूर्ण करणाऱ्याचे असे. चेहरा घडविणाऱ्याचे नाव त्याच्या वर्तुळात माहीत असले तरी ते घराघरांत पोहोचत नसे. स्वाभाविकच एदोकालीन बाहुल्यांच्या पाट्यांवर कर्त्याच्या जागी बहुधा कोणाचेच नाव नसते. ही त्रुटी संग्रहालयाची नव्हे. ती त्या उत्पादनपद्धतीची नोंद आहे.

'बिजुत्सु' हा शब्द आणि जिवंत बाहुल्या :

ललित कला या अर्थाचा 'बिजुत्सु' हा जपानी शब्द फार जुना नाही. १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात सहभागी होण्याच्या तयारीत, तेथील नियमावलीचे भाषांतर करताना तो घडविण्यात आला. शब्द आला म्हणजे सीमारेषाही आली. कोणती वस्तू कलेच्या आत आणि कोणती बाहेर, हा प्रश्न प्रथमच शासकीय स्वरूपात उभा राहिला.

या सीमारेषेचा फटका ज्यांना बसला त्यांत 'इकि-निंग्यो', म्हणजे जिवंत भासणाऱ्या बाहुल्या, प्रमुख होत. कुमामोतोचे मात्सुमोतो किसाबुरो (१८२५–१८९१) आणि यासुमोतो कामेहाची (१८२६–१९००) हे या प्रकारातील दोन श्रेष्ठ कारागीर. माणसाच्या आकाराच्या, त्वचेच्या छटा, शिरा आणि केस यांसह घडविलेल्या त्यांच्या प्रतिमा 'मिसेमोनो' म्हणजे तिकीट लावून दाखविल्या जाणाऱ्या जत्रेतील खेळांत मांडल्या जात. मात्सुमोतो यांच्या १८५४ च्या ओसाका येथील प्रदर्शनाने या प्रकाराला मोठी लोकप्रियता दिली आणि १८७१ पासून टोकियोच्या आसाकुसा भागात त्यांनी कान्नोन देवतेच्या तेहतीस तीर्थक्षेत्रांतील चमत्कारकथांची मांडणी केली. शरीररचनेच्या बारकाव्यांचे इतके ज्ञान असूनही त्यांच्या कृतींना नव्या 'बिजुत्सु'मध्ये जागा मिळाली नाही. १८७६ मध्ये शासनाने कलाविद्यालय काढले, तेव्हा शिल्प शिकविण्यासाठी इटलीहून विन्चेन्झो रागुझा यांना पाचारण करण्यात आले. वास्तवदर्शी मानवाकृती घडविणारे हात देशात होते. परंतु ते जत्रेत होते, आणि जत्रेतील वस्तू कला मानण्यास नवे राष्ट्र तयार नव्हते. किनोशिता नाओयुकी यांच्या १९९३ च्या 'बिजुत्सु तो इउ मिसेमोनो' या ग्रंथाने या वगळण्याच्या प्रक्रियेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. २००४ मध्ये कुमामोतोच्या समकालीन कला संग्रहालयाने मात्सुमोतो यांच्या कृतींचे मोठे प्रदर्शन भरविले. तोपर्यंत त्यांच्या मृत्यूला शतकाहून अधिक काळ लोटला होता.

याच सुमारास सणाच्या बाहुलीवरही संकट आले. १८७३ साली मेइजी शासनाने पंचांगसुधारणेबरोबर पाच पारंपरिक ऋतुसणांचा अधिकृत दर्जा रद्द केला. बाहुलीचा बाजार काही काळ मंदावला. पुढे मोठ्या शहरांतील विभागीय दुकानांनी सणाचे साहित्य संचरूपाने विकण्यास आरंभ केला तेव्हा तो सावरला.

१९२७ : उलटसुलट दोन प्रवास :

बाहुलीच्या प्रतिष्ठेला कलाटणी देणारी घटना मात्र कलाक्षेत्राबाहेर घडली. अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्याने जपानी स्थलांतरितांना दार बंद केले आणि दोन्ही देशांत कटुता वाढली. जपानमध्ये दीर्घकाळ राहिलेले मिशनरी सिडनी ग्युलिक (१८६०–१९४५) यांनी मुलांच्या पातळीवर मैत्री निर्माण करण्यासाठी अमेरिकेतून बाहुल्या पाठविण्याची मोहीम हाती घेतली. १९२७ च्या हिना मात्सुरीच्या निमित्ताने १२,७३९ बाहुल्या जपानला पोहोचल्या व शाळाशाळांत वाटल्या गेल्या. प्रत्येकीजवळ पत्र व प्रवासाचा परवाना होता. उद्योगपती शिबुसावा एइइची (१८४०–१९३१) यांनी जपानी बाजूने पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी परतभेट म्हणून ५८ बाहुल्या अमेरिकेस रवाना झाल्या. त्यांच्या खर्चासाठी शाळकरी मुलींनी प्रत्येकी एक सेन दिला होता.

या देवघेवीतील असमानता उद्बोधक आहे. अमेरिकन बाहुल्या कारखान्यात तयार झालेल्या होत्या. त्यांचे कपडे तेवढे अनेक ठिकाणी हातांनी शिवलेले होते. जपानी बाहुल्या सुमारे ८० सेंटिमीटर उंचीच्या, एकेक करून हाताने घडविलेल्या आणि प्रांतांची व शहरांची नावे धारण करणाऱ्या होत्या. त्यांच्या निवडीसाठी कारागिरांत स्पर्धा घेण्यात आली आणि तीत तरुण हिराता गोयो (१९०३–१९८१) यांची कृती अग्रस्थानी आली. हिराता यांचे वडील यासुमोतो कामेहाची यांचे शिष्य होते. जत्रेतील जी परंपरा १८७३ नंतर कलेच्या उंबऱ्याबाहेर राहिली, ती अर्ध्या शतकानंतर राष्ट्राची प्रतिनिधी म्हणून समुद्रापार गेली, असे म्हणता येईल.

पुढे युद्ध आले. जपानमधील अमेरिकन बाहुल्या शत्रूच्या ठरल्या. अनेक शाळांत त्या जाळण्यात आल्या किंवा मोडून टाकण्यात आल्या. काही शिक्षकांनी त्या माळ्यावर, कपाटामागे, भिंतीआड दडवून ठेवल्या. आज त्यांपैकी तीनशेहून थोड्या अधिक उरल्याचे ज्ञात आहे. याउलट अमेरिकेस गेलेल्या ५८ पैकी चाळीसहून अधिक बाहुल्यांचा ठावठिकाणा लागलेला आहे, कारण त्या संग्रहालयांच्या ताब्यात होत्या. ज्या बाहुल्या मुलांमध्ये राहिल्या त्या बहुतांशी नष्ट झाल्या आणि ज्या मुलांपासून दूर काचेत ठेवल्या त्या वाचल्या, हा या प्रकरणाचा कटू निष्कर्ष आहे.

परंतु संग्रहालयानेही सर्व काही जपले असे नाही. अमेरिकेतील दौऱ्यात या बाहुल्यांची नावे, बैठका व सोबतचे साहित्य यांची अदलाबदल झाली. परिणामी एका प्रांताच्या नावाने मांडलेली बाहुली प्रत्यक्षात दुसऱ्याच प्रांताची असल्याचे नंतरच्या संशोधनात अनेकदा आढळले. किमोनोवरील चिन्हे, उपकरणे व जुनी छायाचित्रे ताडून पाहून अभ्यासकांना ओळख पटवावी लागली. दालनातील पाटी हा पुरावा आहे, निर्णय नव्हे, हा धडा इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथून घेता येतो.

मान्यतेची वाट (१९२७–१९५५) :

१९०७ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वार्षिक कलाप्रदर्शनात जपानी शैलीची चित्रकला, पाश्चात्त्य शैलीची चित्रकला व शिल्प असे तीनच विभाग होते. हस्तकलेला चौथा विभाग मिळाला तो १९२७ साली. म्हणजे ज्या वर्षी बाहुल्या दूत म्हणून गेल्या त्याच वर्षी हस्तकलेने शासकीय कलेच्या दालनात पाऊल टाकले. तरीही बाहुलीसाठी आणखी नऊ वर्षे जावी लागली. १९३६ च्या शासकीय प्रदर्शनात बाहुल्या प्रथमच स्वीकारल्या गेल्या. हिराता गोयो, होरी र्‍युजो (१८९७–१९८४) व कागोशिमा जुझो (१८९८–१९८२) यांच्या कृती त्यांत होत्या.

या तिघांच्या पार्श्वभूमीतील भेद लक्षणीय आहे. हिराता घराण्याच्या परंपरेतून आलेले. कागोशिमा हे तांका कवीही होते. कागदाच्या लगद्यापासून त्यांनी स्वतःचे माध्यम विकसित केले. होरी र्‍युजो यांच्यामागे कोणत्याही कारागीर घराण्याचा वारसा नव्हता. चित्रकार ताकेहिसा युमेजी (१८८४–१९३४) यांच्याभोवती जमलेल्या, बाहुल्या करणाऱ्या हौशी मंडळींत त्या होत्या आणि १९३० मध्ये टोकियोतील गिंझा येथे या गटाने प्रदर्शन भरविले होते. या गटाची बाहुली जुन्या श्रमविभागणीला छेद देणारी होती. कल्पना, चेहरा, शरीर, वस्त्र हे सारे एकाच व्यक्तीचे. म्हणून ती त्या व्यक्तीची अभिव्यक्ती. 'कलाबाहुली' या संकल्पनेचे मर्म या एकहातीपणात आहे. पाटीवर नाव लागण्यासाठी आधी नाव सांगता येईल अशी निर्मितिपद्धती अस्तित्वात यावी लागली.

युद्धोत्तर काळात या मान्यतेला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा १९५० मध्ये झाला, १९५४ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि त्यानुसार अमूर्त कौशल्याच्या धारकांना सन्मानित करण्यास १९५५ मध्ये आरंभ झाला. लोकभाषेत यांनाच 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. पहिल्याच वर्षी हिराता गोयो व होरी र्‍युजो या दोघांची वेशभूषायुक्त बाहुलीसाठी निवड झाली. कागोशिमा यांना १९६१ मध्ये हा मान मिळाला. १९५४ पासून भरणाऱ्या पारंपरिक हस्तकला प्रदर्शनातही मृत्पात्रे, वस्त्र, लाखकाम, धातुकाम, लाकूड-बांबूकाम यांच्या बरोबरीने बाहुली हा स्वतंत्र विभाग आहे.

स्त्रियांच्या इतिहासाच्या दृष्टीने यापुढील नोंद महत्त्वाची ठरते. नोगुची सोनोओ (१९८६), इचिहाशी तोशिको (१९८९) व आकियामा नोबुको (१९९६) या तीन स्त्रियांना बाहुलीकलेसाठी हाच सन्मान लाभला. ज्या कामाची संभावना एके काळी बायकांचा विरंगुळा अशी होत असे, त्याच कामाने स्त्रियांना राष्ट्रीय मान्यतेच्या अग्रपंक्तीत नेले. वंशपरंपरेने चालणाऱ्या कार्यशाळांत शिष्य म्हणून प्रवेश मिळणे स्त्रियांना अवघड होते. एकहाती कलाबाहुलीला मात्र मोठ्या भट्टीची वा कार्यशाळेची गरज नव्हती. घरातील एका कोपऱ्यात, सुई आणि कोरणी यांच्या बळावर ती घडू शकत होती. बाहुलीच्या तथाकथित गौणत्वानेच ही वाट मोकळी ठेवली, असा अर्थ यातून लावता येईल.

अलीकडील प्रदर्शने आणि सीमारेषेचा पुनर्विचार :

शासकीय मान्यतेबरोबर एक मर्यादाही आली. मान्यताप्राप्त बाहुली बहुधा सौम्य, अभिजात व पारंपरिक वेशातील राहिली. या चौकटीबाहेर योत्सुया सिमोन (जन्म १९४४) यांनी सांध्यांत गोल बसविलेल्या बाहुल्या घडविल्या. जर्मन कलावंत हान्स बेलमेर यांच्या कृतींची छायाचित्रे पाहून त्यांना ही दिशा सापडली होती. १९७३ मध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले. नग्न, हलणारे सांधे उघडे दाखविणारे, अस्वस्थ करणारे हे शरीर सणाच्या बाहुलीपासून फार दूरचे होते. २००४ मध्ये टोकियोच्या समकालीन कला संग्रहालयाने अशा बाहुल्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. २०२३ मध्ये शिबुया येथील शोतो कला संग्रहालयाच्या प्रदर्शनात तर विधीच्या प्रतिमा, सणाच्या बाहुल्या, इकि-निंग्यो, दुकानांतील पुतळे आणि समकालीन कृती एकत्र मांडून बाहुली म्हणजे नेमके काय, हाच प्रश्न प्रेक्षकापुढे ठेवण्यात आला. १८७३ मध्ये आखलेली सीमारेषा दीडशे वर्षांनी संग्रहालयानेच तपासावयास घेतली, हे या प्रदर्शनाचे महत्त्व होय.

संग्रहालयाबाहेर जुनी धारणाही जिवंत आहे. घरात नकोशी झालेली बाहुली कचऱ्यात टाकणे अनेक जपानी कुटुंबांना प्रशस्त वाटत नाही. टोकियोच्या उएनो येथील कियोमिझु कान्नोन मंदिरात २५ सप्टेंबरला आणि क्योतोच्या होक्योजी मठात १४ ऑक्टोबरला बाहुल्यांसाठी 'कुयो' म्हणजे निरोपाचा धार्मिक विधी केला जातो. होक्योजी हा राजकन्यांच्या वास्तव्याचा मठ. त्यांना मिळालेल्या बाहुल्यांचा तेथील संग्रह १९५७ पासून वर्षातील ठरावीक दिवसांत पाहावयास खुला असतो. एकाच वास्तूत बाहुली जपलीही जाते आणि तिला निरोपही दिला जातो. कलावस्तू झाल्यानंतरही निंग्यो या शब्दातील 'मनुष्य' पुसला गेलेला नाही.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, जपानी हस्तनिर्मित बाहुलीला कलावस्तूचा दर्जा तिच्या सौंदर्यामुळे आपोआप मिळाला नाही. भाषांतरातून आलेल्या एका शब्दाने तिला बाहेर ठेवले. राजनैतिक गरजेने तिला पुढे आणले. एकहाती निर्मितीच्या नव्या कल्पनेने तिला कर्ता दिला. आणि कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. या प्रक्रियेत होरी र्‍युजो यांच्यासारख्या स्त्रियांना नाव मिळाले, ही तिची मोठी देणगी होय. त्याच प्रक्रियेत डोके, हात, केस व पोशाख करणाऱ्या असंख्य कारागिरांचे मौन अधिक ठळक झाले, ही तिची किंमत होय. एका पाटीवर स्वाक्षरी आली म्हणून शेजारची पाटी रिकामी वाटू लागली.

भौतिक वस्तूंच्या आधारे इतिहास शिकविताना आपण विद्यार्थ्यांना संग्रहालयात नेतो, तेव्हा बहुधा पाटी वाचून टिपण काढण्यास सांगतो. त्याऐवजी ही वस्तू किती हातांतून गेली असेल, त्यांपैकी कोणाचे नाव येथे आहे आणि ते नाव येथे पोहोचण्यासाठी कोणता कायदा, कोणते प्रदर्शन वा कोणते युद्ध मध्ये घडावे लागले, असे प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. दिल्लीत १९६५ मध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयात जपानी बाहुल्याही आहेत. तेथे सहल नेणाऱ्या शिक्षकाला या प्रश्नांचा आरंभ तेथूनच करता येईल. शंभर वर्षांपूर्वी प्रत्येकी एक सेन देणाऱ्या जपानी मुलींची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत. त्यांच्या पैशातून घडलेल्या बाहुल्या मात्र आजही अमेरिकेतील दालनांत उभ्या आहेत, आणि त्या कोणाच्या आहेत हा प्रश्न इतिहासाने अद्याप पुरता सोडविलेला नाही.